तिऱ्हाइताच्या हाती दिलेले पत्र



पुढच्या अंकापासून आपल्या या अंकात 'वाचकांचे पान' सुरू करायचे ठरले आहे. अंक वाचून काय वाटले, कोणती गोष्ट आवडली, कुठल्या कोड्याचे उत्तर जुळले नाही, कुठल्या लेखातले म्हणणे पटले नाही, हे सगळे तुम्ही त्या पानासाठी लिहून द्यायचे. ठरवायला हे सोपे होते, पण लगेच प्रश्न उभे राहिले. पत्रे द्यायची कुठे? गोळा कोण करणार? छापण्याआधी वाचणार कोण? आणि छापून झाल्यावर ती ठेवायची कुठे?

यावर दोन सूचना आल्या आहेत. पहिली अशी की पत्रांची सगळी व्यवस्था आपण वर्गातच करावी. दुसरी अशी की पालकांचा व्हॉट्सअॅपवर गट आहेच, सगळे दिवसातून दहा वेळा तो बघतातच, तर मग वेगळा खटाटोप कशाला? ज्याला जे वाटेल ते त्याने तिथे लिहावे आणि बाकीच्यांनी तिथेच वाचावे. दोन्ही सूचनांत तथ्य आहे. निर्णय घेण्याआधी हा प्रश्न नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख. असा प्रश्न पडलेले आपण पहिले नाही. मराठी वृत्तपत्रांना तो जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच पडला होता.

तिऱ्हाईत म्हणजे कोण?

आधी एक शब्द शिकू या. तो आहे 'तिऱ्हाईत'. हा शब्द 'तीन' या संख्येच्या घरातला आहे. दोघांचे काही काम चालले असेल आणि त्यात ज्याचा स्वतःचा संबंध नाही असा तिसरा माणूस मध्ये आला, तर तो तिऱ्हाईत. दोघांचे भांडण मिटत नसले की एखाद्या तिऱ्हाइताला विचारतात, कारण त्याला दोन्ही बाजू सारख्या. पण 'घरचा असून तिऱ्हाइतासारखा वागतोस' असे आजी म्हणाली, तर ती रागावलेली आहे असे समजावे. म्हणजे तिऱ्हाईत चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो आपला नाही, एवढेच.

आपल्या अंकात लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा. वाचणाऱ्याचे उत्तर लिहिणाऱ्याकडे नेण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले, तो तिऱ्हाईत. मग तो पोस्टमन असो, दुसऱ्याचे वृत्तपत्र असो, की फोनवरचा गट असो. अशा तिऱ्हाइताला कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये, हा आपला खरा प्रश्न आहे.

उत्तर हवेच कशाला?

आता तुम्ही विचाराल, अंक छापला, वाटला, लोकांनी वाचला, मग उत्तर कशाला? वर्गात बाई एकट्याच बोलत राहिल्या आणि तुम्हाला कुणालाच बोलू दिले नाही, तर तुम्हाला किती समजले ते बाईंना कसे कळणार? अंकाचेही तसेच आहे. अंकाला उत्तर आले की लिहिणाऱ्याला आपण कुठे कमी पडलो ते कळते आणि वाचणाऱ्याला अंक आपला वाटू लागतो. इथे कुवेतमध्ये याला आणखी एक कारण आहे. आपली मुले मराठी ऐकतात, थोडीफार बोलतात, पण लिहायची वेळ फार थोडी येते. शाळेचा अभ्यास इंग्रजीत, दुकानांच्या पाट्या अरबी आणि इंग्रजीत. कुणाला तरी काहीतरी मनापासून सांगायचे आहे म्हणून मराठीत लिहायला बसणे, हा प्रसंग पत्रामुळेच येतो.

मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' हे बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केले. त्या दिवसाची आठवण म्हणून ६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. दर्पणमध्ये मराठी आणि इंग्रजी असा दोन भाषांतला मजकूर असे, म्हणजे आपल्यासारख्या दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना तो अंक ओळखीचाच वाटला असता. त्या काळापासून आपल्याकडच्या वृत्तपत्रांत वाचकांच्या पत्रांना जागा मिळत आली आहे. छापील कागद हा एकट्या संपादकाचा नसतो, ही समजूत मराठीत जुनी आहे.

पोस्टाच्या पेटीची गोष्ट

इथले पालक जेव्हा नवीन नवीन कुवेतला आले, तेव्हा त्यांच्या घरची पत्रे कुठल्या पत्त्यावर येत, हे मुलांनी त्यांना जरूर विचारावे. बहुतेकांच्या पत्त्यात इमारत नव्हती आणि मजलाही नव्हता. असे ते फक्त कंपनीचे नाव, पोस्टाच्या पेटीचा क्रमांक आणि 'सफात, कुवेत' हे शब्द. पत्र गावाकडच्या पेटीतून निघून विमानाने यायचे, कंपनीच्या पेटीत पडायचे, तिथून कंपनीचा माणूस ते आणायचा आणि मग ते ज्याचे त्याच्या हातात पडायचे. या सगळ्या प्रवासात कंपनी ही तिऱ्हाईत होती.

व्यवस्था चांगली होती. स्वतःची पेटी घ्यायला नको, पोस्टात हेलपाटे घालायला नकोत, पत्र कामाच्या जागीच मिळायचे. पण नोकरी बदलली की पत्ता बदलायचा. जुन्या पेटीवर पत्रे येतच राहायची आणि ती आणायला आता आपला माणूस नसायचा. पेटी कंपनीची, किल्लीही कंपनीची. पत्र मात्र आपले.

मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिच्यावरच आधारलेले आहे. पत्र पोचवणे हे एक काम आणि पत्र जपणे हे दुसरे काम. पोचवायला तिऱ्हाईत उत्तम. जपायला मात्र तो उपयोगी पडेलच असे सांगता येत नाही.

तिऱ्हाइतामुळे झालेले भले

तिऱ्हाइताला नावे ठेवण्याआधी त्याने काय भले केले ते पाहू. भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांनी १८४१ मध्ये मुंबईत 'प्रभाकर' नावाचे साप्ताहिक सुरू केले. १८४८ मध्ये त्यात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख. वय पंचवीस, नोकरी सरकारी. आपल्या समाजातल्या आळसावर, अडाणीपणावर, जातीच्या गर्वावर आणि स्त्रियांच्या हालांवर त्यांनी इतके परखड लिहिले की अनेकांना ते झोंबले. १८५० पर्यंत अशी शंभरावर पत्रे झाली. आज आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. शत म्हणजे शंभर, पण प्रत्यक्षात ती १०८ आहेत. देशमुखांचे स्वतःचे वृत्तपत्र नव्हते. दुसऱ्याच्या वृत्तपत्राने जागा दिली म्हणून ते विचार लोकांपर्यंत गेले. पुढे ती पत्रे एकत्र करून पुस्तकरूपाने छापली गेली आणि म्हणूनच आज आपल्याला ती वाचता येतात.

दुसरे उदाहरण तुमच्याच वयाच्या मुलीचे आहे. मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय सुमारे चौदा. मांग आणि महार लोकांना काय दुःख सोसावे लागते यावर तिने एक निबंध लिहिला. तो शाळेच्या वहीत राहिला असता, तर बहुधा वहीबरोबरच संपला असता. पण 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये दोन भागांत छापला. ज्ञानोदय अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेले. म्हणजे मुक्तेच्या दृष्टीने ते अगदी तिऱ्हाइताचेच. पण त्याने तिचे शब्द छापले, अंक जपले गेले आणि पावणेदोनशे वर्षांनंतर आज तो निबंध महाराष्ट्रात अभ्यासला जातो. तिची शाळेतली वही आज कुणापाशी नाही. छापलेला अंक होता, म्हणून मुक्ता आपल्याला माहीत आहे.

या दोन उदाहरणांवरून तिऱ्हाइताचे फायदे दिसतात. त्याच्याकडे वाचक आधीच असतात. त्याच्याकडे यंत्र असते, माणसे असतात. आपल्याला नव्याने काही उभारावे लागत नाही. फोनवरच्या गटाची सूचना ज्यांनी केली, त्यांच्या मनात नेमके हेच आहे आणि ते बरोबर आहे.

तिऱ्हाईत जेव्हा नाही म्हणतो

पण जागा ज्याची, निर्णय त्याचा. गोपाळ गणेश आगरकर हे 'केसरी'चे पहिले संपादक. केसरी १८८१ मध्ये सुरू झाला. आगरकरांना समाजसुधारणेवर, बालविवाहावर, रूढींवर मोकळेपणाने लिहायचे होते. बरोबरीच्या मंडळींचे मत वेगळे होते. इथे तर वृत्तपत्र परक्याचेही नव्हते, मित्रांचेच होते. तरी शेवटी १८८७ मध्ये आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' हे स्वतःचे पत्र काढले. गंमत म्हणजे सुधारकही दर्पणसारखाच मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव याहून कडू होता. त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी २५०० रुपयांची मदत केली होती. नव्या पत्राची जाहिरात पैसे देऊन छापून घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा केसरीने ती छापायला नकार दिला. लेख नव्हे, पत्र नव्हे, पैसे मोजून दिलेली साधी जाहिरात! मूकनायक हे नाव का ठेवले असेल, ते आता तुमच्या लक्षात येईल. ज्यांना दुसऱ्यांच्या पानांवर तोंड उघडायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी ते पत्र होते.

म्हणून तिऱ्हाइताकडे आपली पत्रे सोपवताना पहिला प्रश्न असा विचारायचा, 'उद्या यांनी नाही म्हटले तर?' आपल्यापुरते बोलायचे तर कुणी मुद्दाम नाही म्हणणार नाही. पण फोनवरचा गट ज्याने सुरू केला ते कुटुंब बदली होऊन गेले तर? फोन हरवला तर? नव्याने गटात आलेल्या पालकांना आधीचा मजकूर सहसा दिसतच नाही. सप्टेंबरात आलेल्या मुलाला मार्चमधल्या अंकावर कोण काय म्हणाले होते ते कधीच कळणार नाही. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, बसच्या वेळा, 'कुणाकडे ताजी कोथिंबीर आहे का' या सगळ्यांच्या खाली एखाद्या मुलाने अर्धा तास बसून लिहिलेली सहा ओळींची मराठी दोन दिवसांत गाडली जाते.

जबाबदारी कुणाची?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. दुसऱ्याने दिलेला मजकूर आपण छापला आणि तो खोटा निघाला, तर दोष कुणाचा?

याचे उत्तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात फार स्पष्ट आहे. १८८१ मध्ये कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा तिथले दिवाण माधवराव बर्वे छळ करतात, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी केला. त्याला आधार होता तो दुसऱ्यांनी आणून दिलेल्या काही पत्रांचा. ती पत्रे बर्व्यांनीच लिहिलेली आहेत असे सांगितले गेले होते. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली. पत्रे बनवणारे वेगळे, आणून देणारे वेगळे, पण छापणारे होते केसरीचे संपादक आगरकर आणि मराठाचे संपादक बाळ गंगाधर टिळक. १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर एक पुस्तकही लिहिले.

दोघेही प्रामाणिक होते. राजावर अन्याय होतो आहे असे त्यांना खरेच वाटले होते. तरीही 'ते आम्ही लिहिले नव्हते, आम्हाला कुणी तरी दिले होते' हे उत्तर पुरे पडले नाही. आपल्या चार पानी अंकामुळे कुणी तुरुंगात जाणार नाही हे खरे, पण एखाद्या पत्रात वर्गातल्या कुणा मुलाची टिंगल छापली गेली, तर तो मुलगा पुढच्या शुक्रवारी वर्गात यायला नको म्हणेल. आमच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. छापण्याआधी कुणीतरी जबाबदार माणसाने प्रत्येक पत्र वाचलेच पाहिजे. हे काम तिऱ्हाइतावर सोपवता येत नाही. फोनवरच्या गटात तर ते होतच नाही, कारण तिथे आधी छापले जाते आणि मग वाचले जाते.

नाव लिहावे की नाही?

काही मुलांनी विचारले, की नाव न देता लिहिले तर चालेल का? याचेही उत्तर इतिहासात आहे. लोकहितवादी हे टोपणनावच होते. १८८५ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रात 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाच्या सहीने पत्रे आली. बालविवाहामुळे मुलींचे काय होते आणि विधवांना कसे जगावे लागते, ते त्यांत लिहिले होते. ती लिहिणारी होती रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाखातर नवऱ्याच्या घरी जायला तिने नकार दिला होता आणि त्यावरून तिच्यावर खटला चालू होता. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली. अशा परिस्थितीत उघड नावाने लिहिणे तिला किती अवघड गेले असते, याचा विचार करा.

म्हणून टोपणनाव हे भित्रेपणाचे लक्षण नाही. कधी कधी खरे बोलण्यासाठी त्याची गरज असते. मात्र टोपणनावाची आडवाट वापरून दुसऱ्याला टोचायचे, हे वेगळे. आपल्या पानावर टोपणनाव चालेल, पण पत्र कुणाचे आहे ते अंकाच्या संपादकांना माहीत असले पाहिजे.

खैरानच्या दारांसारखी दारे

खैरानमध्ये राहणाऱ्या मुलांना एक उदाहरण सहज समजेल. इथे वाळवंट खणून समुद्राचे पाणी आत आणले आहे आणि त्या कालव्यांच्या काठी घरे आहेत. नुसते कालवे खणून सोडून दिले असते, तर आतल्या कोपऱ्यांतले पाणी जागच्या जागी राहून खराब झाले असते. म्हणून काही ठिकाणी भरती-ओहोटीबरोबर उघडणारी आणि मिटणारी दारे बसवली आहेत. त्यांच्यामुळे पाणी फिरत राहते. दार कायमचे बंद ठेवले तर कालव्याचे डबके होईल. दार मुळीच नसले तर पाणी येईल तसे जाईल आणि आतले कोपरे तसेच राहतील.

वाचकांच्या पानाचे असेच आहे. आमचा विचार असा आहे की समुद्र दुसऱ्याचा असला तरी दार आपले असावे. फोनवरचा गट वापरू या, पण पोस्टमन म्हणून. कपाट म्हणून नको. त्यासाठी पुढील रीत ठरवली आहे. पालकांनी ती वाचून आपले मत जरूर कळवावे.

१. पत्र शक्यतो हाताने, कागदावर लिहावे. मुलांनी तर हातानेच लिहावे. वर्गात दाराजवळ पुठ्ठ्याची पेटी ठेवली जाईल, तिच्यात टाकावे. ज्यांना त्या आठवड्यात येणे जमणार नाही, त्यांनी कागदाचा फोटो काढून फोनवर पाठवावा, पण तो गटावर न टाकता संपादकांना वेगळा पाठवावा.

२. दोन माणसे प्रत्येक पत्र वाचतील. एक शिक्षिका आणि एक पालक. दोघांपैकी एकाला जरी पत्र खटकले, तरी लिहिणाऱ्याशी बोलल्याशिवाय ते छापले जाणार नाही. न छापलेले पत्र कारण सांगून परत केले जाईल.

३. शुद्धलेखन सुधारले जाईल. जागा कमी पडली तर पत्र थोडे कापले जाईल. पण अर्थ बदलला जाणार नाही आणि टीका केली म्हणून पत्र गाळले जाणार नाही. संपादकांवर टीका असेल तर ते पत्र आधी छापू.

४. पत्राखाली मुलाचे नाव आणि इयत्ता एवढेच छापले जाईल. घराचा पत्ता, फोनचा क्रमांक, शाळेचे नाव, आईवडिलांच्या कंपनीचे नाव यांपैकी काहीही छापले जाणार नाही. अंक कुठे कुठे जातो हे आपल्याला माहीत नसते, म्हणून ही काळजी.

५. ज्याच्या लेखावर पत्र आले असेल, त्याला ते छापण्याआधी दाखवले जाईल आणि त्याचे उत्तर त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जाईल.

६. छापलेले प्रत्येक पत्र मूळ कागदासह वर्गाच्या फायलीत राहील. वर्षाच्या शेवटी सगळ्या अंकांचा एक गठ्ठा बांधून त्याच्या तीन प्रती केल्या जातील. एक इथे वर्गात, एक एखाद्या पालकाच्या घरी आणि एक सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबाबरोबर महाराष्ट्रात.

सहावा नियम वाचून काही जण हसतील. चार पानांच्या झेरॉक्स अंकासाठी एवढा खटाटोप! पण आपण इथे कसे राहतो ते आठवा. दर वर्षी उन्हाळ्यात काही घरे बंद होतात. कुणी अझ्-झूरचे काम संपले म्हणून जातो, कुणी मुलाच्या बारावीसाठी जातो, कुणाला दुसऱ्या देशात नोकरी लागते. माणसे गेली की त्यांच्याबरोबर फोनचे क्रमांक जातात, गट रिकामे होतात आणि इथे काय बोलणे झाले होते ते कुणालाच आठवत नाही. आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेले पहिले मराठी पत्र तो अठरा वर्षांचा झाल्यावर कुठे शोधेल? बंद पडलेल्या फोनमध्ये ते मिळणार नाही. बांधलेल्या गठ्ठ्यात मिळेल. मुक्ता साळवेचा निबंध असाच मिळाला.

पत्र लिहायचे कसे?

शेवटी मुलांसाठी थोडेसे. 'अंक छान आहे' एवढेच लिहू नका. त्याने संपादकांना आनंद होतो, पण उपयोग होत नाही. एकच गोष्ट निवडा. ती कुठल्या पानावर आहे ते लिहा. ती आवडली असेल तर का, ते एका वाक्यात सांगा. पटली नसेल तरी का, ते सांगा. 'लेख चुकीचा आहे' असे लिहिण्याऐवजी 'माझ्या आजोबांनी मला हे वेगळे सांगितले होते' असे लिहिले, तर वाद छान होतो आणि आजोबांनाही बोलण्यात ओढता येते. माणसावर लिहू नका, म्हणण्यावर लिहा. शब्द आठवला नाही तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढा. आम्ही मराठी शब्द सुचवू, नाहीतर तुमचाच ठेवू.

पालकांना एक विनंती. मुलाचे पत्र तुम्ही लिहून देऊ नका. त्याने विचारले तर शब्द सांगा, वेलांटी दाखवा, पण वाक्य त्याचे असू द्या. आईच्या हातचे सुरेख पत्र आम्ही लगेच ओळखतो! त्यापेक्षा आईने स्वतःच्या नावाने वेगळे पत्र द्यावे. त्याचेही स्वागतच आहे.

शब्दार्थ

तिऱ्हाईत : ज्याचा संबंध नाही असा तिसरा माणूस.
खटाटोप : पुष्कळ धडपड.
परखड : भीड न ठेवता बोललेले.
पाक्षिक : पंधरा दिवसांनी निघणारे.
बनावट : खोटे तयार केलेले.
टोपणनाव : खऱ्या नावाऐवजी घेतलेले नाव.
हेलपाटा : फुकट गेलेली किंवा पुन्हा पुन्हा घातलेली फेरी.

व्याकरणाचा खाऊ

'तिऱ्हाईत' यात ई दीर्घ आहे, पण 'तिऱ्हाइताला' म्हणताना ती ऱ्हस्व झाली. 'बहीण, बहिणीला' आणि 'गरीब, गरिबाला' यांतही तसेच होते. असे आणखी तीन शब्द शोधून आणा.

गृहपाठ

१. आई किंवा बाबांना विचारा : तुमचे कुवेतमधले पहिले पत्र कुणी पाठवले होते आणि ते तुमच्या हातात कुणाकुणाच्या हातून आले? त्या सगळ्या तिऱ्हाइतांची यादी करा.
२. या लेखात आलेल्या वृत्तपत्रांची आणि नियतकालिकांची नावे त्यांच्या सुरू झालेल्या वर्षांप्रमाणे क्रमाने लावा. (दोघांची वर्षे लेखात दिलेली नाहीत. शोधा!)
३. या लेखातले तुम्हाला न पटलेले एक वाक्य निवडा आणि त्यावर पाच ओळींचे पत्र लिहून पुठ्ठ्याच्या पेटीत टाका. वाचकांच्या पानावरची पहिली जागा त्यासाठीच राखून ठेवली आहे.